आत्तीचा डोळा आणि सोळा स्प्रिंगांची गाडी

चाक गोल असतं, एवढं मी आठवीपर्यंत शिकलो होतो. त्याचा मध्य मध्येच राहिला पाहिजे, हे बहुधा नववीत शिकवतात.

नववीत मी गेलो नाही. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. घर आणि शाळा यांच्यामध्ये एक ओढा, आणि पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर ओढ्याची हजेरी माझ्यापेक्षा जास्त! शेवटी वडलांनी मला दोन गाड्या बदलून सांगलीजवळच्या वस्तीवर त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या आत्तीकडे, आणून सोडलं. "पोरगं हितं कायतरी हातकाम शिकंल," एवढं बोलून ते परतीच्या गाडीला गेले. आत्तीनं एक शब्द न विचारता ताटात भाकरी वाढली. ती भाकरी मी पुढं दहा वर्षं खातच होतो. सांगलीत वेल्डिंगच्या शेडमध्ये कामाला लागलो, आत्तीनंच लग्न लावून दिलं, तरी आम्ही नवराबायको तिच्याच घरात. या बाईसाठी आपल्या हातून कधी काही होणार का, ही काळजी मला कायम. (काळजी करणं हा माझा मुख्य धंदा, वेल्डिंग जोडधंदा.)

अशात आत्तीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. डावा डोळा तर कधीच गेला होता. उजव्याला माणसं धुक्यातल्या झाडांसारखी दिसायची. सांगलीच्या दवाखान्यात उजव्याचं ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी मला आणि मामांना बाजूला घेतलं. मामा म्हणजे आत्तीचे यजमान. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. घरात त्यांचा हुकूम फक्त बैलांवर चालायचा, तोही निम्मा.

"हा एवढा एकच डोळा उरलाय," डॉक्टर म्हणाले. "टाके कच्चे आहेत. दीड महिना खोकायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही. आणि धक्का तर अजिबात बसता कामा नये."

"आन बोलायचं?" मामांनी मोठ्या आशेनं विचारलं.

"बोललं तर चालेल."

मामांचा चेहरा पडला. माझा मात्र 'धक्का' या शब्दालाच पडला होता. कारण आमचा रस्ता! फाट्यापर्यंत डांबरी, तिथून वस्तीपर्यंत दीड मैल गाडीवाट. उसाच्या गाड्यांनी तिची अशी दशा केली होती की दुधाची किटली घेऊन निघालं तर वस्तीवर लोणी उतरायचं. आणि मामांची बैलगाडी तर लाकडी चाकांची, लोखंडी धावेची. आत्ती म्हणजे चाळीस किलोचा जीव. त्या गाडीतून तिचा डोळाच काय, दातसुद्धा जाग्यावर राहिले नसते!

हे सगळं ऑपरेशन व्हायच्या आधीच माझ्या डोक्यात घोळत होतं, कारण धक्क्याचं कंपाउंडरनं पहिल्याच खेपेला सांगून ठेवलं होतं. शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या एका फटफटीकडं मी टक लावून बसलो होतो. खड्डा आधी कुणाला कळतो? चाकाला. मग आसाला, मग गाडीला, सगळ्यात शेवटी माणसाला. मग माणसापर्यंत येऊ द्यायचाच कशाला? चाकातच अडवला तर? आऱ्या काढायच्या आणि त्यांच्या जागी स्प्रिंगा बसवायच्या! आत छोटं कडं, बाहेर मोठी धाव, मध्ये आठ स्प्रिंगा. खड्डा आला की खालची स्प्रिंग दबेल, वरच्या ताणतील, आणि मधला आस म्हणेल, "काय झालं? मला काय कळलंच न्हाई!"

आमच्या शेडचे मालक बाबूमिस्त्री खडूनं फरशीवर काढलेलं चित्र बघत बराच वेळ उभे राहिले.

"नामा, जगात एवढी शिकल्याली माणसं हायती. त्यास्नी ह्ये सुचलं नसंल व्हय रं?"

"सुचलं असंल मिस्त्री. पर त्यांच्या आत्तीचा डोळा न्हवता ना!"

"आरं पर गड्या, एवढं करण्यापरीस कुणाची तरी रबरी टायरची गाडी माग की दोन तास."

हे मला सुचलंच नव्हतं! पण तोवर मी चौदा स्प्रिंगा गोळा केल्या होत्या. म्हणालो, "टायर पंक्चर हुतो मिस्त्री." मिस्त्रींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडं बघतात.

स्प्रिंगा भंगारातल्या. मोडक्या फटफट्यांच्या. सोळा हव्या होत्या, सोळा मिळाल्या. त्या सोळा वेगवेगळ्या फटफट्यांच्या होत्या, ही गोष्ट मला त्या वेळी विशेष वाटली नाही. लांबी सारखी होती. जात कोण विचारतो?

चाकं तयार झाली. मामांनी त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, काठीनं टोचून बघितलं आणि विचारलं, "पलटणीत असतं तर ह्याला कुटं ठिवलं असतं म्हाईत हाय?"

"कुटं मामा?"

"पहाऱ्यात, कैद्यावानी!"

तरी त्यांनी गाडी जोडू दिली. पहिली चाचणी माझ्या बायकोवर, सुमनवर. ती आत्तीएवढीच, बेचाळीस किलो. तिच्या मांडीवर काठोकाठ ताक भरलेला तांब्या ठेवला आणि गाडी सगळ्यात वाईट खड्ड्यातून नेली. चाक खड्ड्यात उतरलं, स्प्रिंगा 'कुंईऽऽ' करून दबल्या आणि तांब्यातला एक थेंब हलला नाही! बैलांनीसुद्धा मागं वळून बघितलं.

"आवं," सुमन म्हणाली, "ह्ये खरंच चालतंय की!" तिच्या आवाजातलं आश्चर्य मला जरा जास्त वाटलं, पण मी ते कौतुकात धरलं. त्या दिवशी मी अशा ऐटीत चाललो, जणू चाकाचा शोध आमच्याच वस्तीवर लागला!

आत्तीला आणायचा दिवस शनिवार निघाला, आणि मी विचार केला होता तो फक्त चाकाचा. शनिवारी सांगलीचा बाजार असतो, हे विसरलो.

टांग्यातून आत्तीला अलगद फाट्यावर आणलं. गाडी तयार होती. आत्तीला गवतावर, गवतावरच्या गोधडीवर बसवलं. डोळ्याला हिरवी पट्टी, मान ताठ. सुमन तिचं डोकं धरायला मागं. मामांनी कासरा धरला. एवढ्यात बाजार करून आलेल्या वस्तीवरच्या पाच बाया समोरून दत्त! पुढं गोदाक्का. गोदाक्का एकटी बसली तरी सतरंजी भरते.

आता, आमच्याकडचा एक नेम आहे. वाटेनं मोकळी गाडी चाललीय आणि चालणाऱ्याला वर घेतलं नाही, असं होत नाही. वैऱ्यालासुद्धा घेतात, बोलत नाहीत, पण घेतात. आणि इथं तर दवाखान्यातनं येणारी शेजारीण! तिला एकटी जाऊ देणं म्हणजे माणुसकी सोडणं.

"आगं बया, आत्ती! कसं हाय डोळ्याचं?" म्हणत गोदाक्कानं पाय टाकलासुद्धा.

"गोदाक्का," मी आडवा झालो, "गाडी आत्तीपुरतीच हाय ओ. चाकं जरा येगळी हायती."

"म्हंजी? आमी काय भार हाय व्हय?"

याला उत्तर देण्याची हिंमत सांगली जिल्ह्यात कुणाचीच नव्हती. मी मामांकडं बघितलं. मामा बैलाची शिंगं न्याहाळू लागले. पाचही बाया चढल्या. पाच पाट्या चढल्या. बटाटे, कांदे, एक पितळी घागर, आणि गोदाक्काची वाळल्या मिरच्यांची पाटी.

मी चाकाकडं बघितलं. आस, जो मध्ये असायला हवा होता, तो खाली जाऊन धावेच्या कानात काहीतरी सांगत होता.

"मामा, थांबा!"

"चल रं!" मामा बैलांना म्हणाले.

रिकाम्या गाडीला सोळा स्प्रिंगा बहिणी-बहिणीसारख्या वागल्या होत्या. भार पडल्याबरोबर प्रत्येकीनं आपलं माहेर दाखवलं. ताठ स्प्रिंग खाली आली की गाडी वीतभर वर. मऊ आली की वीतभर खाली. त्यात डावं चाक वर जाई तेव्हा उजवं खाली. धक्का एकही नव्हता हो! फक्त गाडी कृष्णेच्या पुरातल्या होडीसारखी डुलत होती.

"आगं आई गं," गोदाक्का म्हणाली, "माझ्या पोटात ढवळतंय!"

"लय झ्याक वाटतंय की," आत्ती म्हणाली. "पाळन्यावानी."

"आत्ती, डोकं हलवू नगा!" सुमन ओरडली.

"मी कुटं हलवतीया? गाडी हलवतीया!"

मी चाकाच्या बाजूनं धावत होतो. भीतीनं जीव अर्धा झाला होता. उरलेल्या अर्ध्यात मी कुठली स्प्रिंग किती दबते ते मोजत होतो. (तिसरी आणि सातवी फार मऊ होत्या.) आणि तेवढ्यात गाडी डावीकडं अशी कलली की घागर मिरच्यांच्या पाटीवर बसली. उजवीकडं कलली, घागर उठली. पुन्हा डावीकडं, पुन्हा बसली. दहा पावलांत घागरीनं त्या मिरच्यांचं तिखट कांडलं!

पहिली शिंक गोदाक्काची. मग एकेक करून पाची जणी. मग डावा बैल, मग उजवा. आणि मग मी बघितलं, तर आत्तीचं नाक फुललं होतं, तोंड उघडलं होतं, आणि ती वर आभाळाकडं तोंड करून "आं... आं..." करत होती.

"शिंकायचं न्हाई!" मामा गरजले. "हुकूम हाय!"

शिंक हुकूम मानते का? दहा वर्षांच्या भाकरीचं हे असं होणार! माझ्याच चाकांनी तिचा शेवटचा डोळा जाणार! मी किंचाळलो, "नाक धरा! नाक!" सुमन धरून सहा बाया एकदम तुटून पडल्या. एकीनं नाक धरलं, दोघींनी कान, गोदाक्कानं दोन्ही हातांनी डोकं असं धरलं, जसा बाजारात भोपळा निवडताना धरतात. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. आत्तीची शिंक आल्या वाटेनं परत गेली.

पण सहाही बाया एका बाजूला झाल्या होत्या, आणि ती बाजू मऊ स्प्रिंगांची. 'ट्यांव!' करून एक स्प्रिंग सुटली आणि उसात गेली. दुसरी मामांच्या फेट्याला चाटून गेली.

"हॉल्ट!" मामा ओरडले. बैल इंग्रजी शिकलेले नव्हते. पण शिंकून दमले होते, म्हणून थांबले. चाकानं आस सोडून दिला आणि गाडी हळूच, अगदी अदबीनं, एका कुशीवर टेकली. आत्तीला तेव्हाही धक्का बसला नाही. बसायला जागाच नव्हती. चारी बाजूंनी बाया होत्या.

घर अजून मैलभर. मी चाकापाशी डोकं धरून बसलो. गोदाक्का उतरली, नाक पुसलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बसतोस काय मेल्या? गोधडी धर त्या टोकाला. न्हाई, नगं, तू नगंच. तू चाक उचल."

पाच बाया आणि सुमन, सहा जणींनी गोधडीची टोकं धरली. मध्ये आत्ती. आणि निघाल्या. त्या वाटेनं रोज डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन चालणाऱ्या बाया त्या. खड्डा आला की गुडघा वाकायचा, कंबर जराशी फिरायची, आणि गोधडी जिथल्या तिथं. मी चाक खांद्यावर घेऊन मागून चाललो होतो आणि त्यांच्या गुडघ्यांकडं बघत होतो. (सुमननं एकदा मागं वळून विचारलं, "काय बगताय वं?" मी म्हणालो, "डिझाइन.")

आत्ती घरी पोहोचली. पण डोळा वाचला की गेला, ते दीड महिन्यानं पट्टी निघाल्यावरच कळणार होतं. ते दीड महिने माझे कसे गेले, विचारू नका. मी दिवसातून दहादा विचारायचो, "आत्ती, डोळा दुकतोय का?"

"दुकत न्हाई रं. पर तू इचारून इचारून दुकवशील!"

शेवटी तो दिवस आला. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळ्यात बॅटरी मारून बघितलं आणि जाड भिंगाचा चष्मा आत्तीच्या नाकावर चढवला. मी समोर उभा. मागं सुमन आणि मामा.

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "ह्यो कोण?"

गेला! डोळा गेला! मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "आत्ती, मी गं, नामा!"

"नामा?" आत्ती चष्मा सावरून पुढं वाकली. (डॉक्टर ओरडले, "वाकू नका!") "तुला नीट बघितलं तवा तुला मिसरूड फुटलं न्हवतं. मोठा हून असा झालास व्हय रं तू? आन मी सुमीच्या बापाला शपथ घिऊन सांगिटलं, पोरगा लय देखणा हाय म्हणून! सुमे, मला माफ कर गं बाई. मला दिसत न्हवतं!"

"आसू द्या आत्ती," सुमन शांतपणे म्हणाली. "मला तवाबी समदं दिसत हुतं. पर मला इचारलं कुणी?"

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा निरखून बघितलं, आणि आत्तीच्या कागदावर लिहिलं : दृष्टी उत्तम.