वासुदेवच्या दारात तेल गळालं

बासष्टच्या लढाईनंतर माझं पोस्टिंग अमरावतीला झालं. मी नायक, काम ड्रायव्हरचं. ताब्यात दुसऱ्या महायुद्धातली जुनी जीप मिळाली. इंजिन दमदार, पण तेल गळायचं. जिथे उभी करावी तिथे खाली काळा डाग. रोज सकाळी डिपस्टिक पाहायची, कमी असेल तेवढं भरायचं. तेलाचा डबा कायम मागे ठेवलेला.

उन्हाळ्यात हुकूम आला. लान्स नायक वासुदेवची पेटी त्याच्या घरी पोचवायची. वासुदेव माझ्याच सेक्शनमधला ड्रायव्हर. तो दर्यापूरकडच्या खेड्यातला, मी अकोल्याचा. पलटणीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच. लढाईत तो पहाडात कामी आला.

सोबत सुभेदार साहेब होते. साताऱ्याकडचे, कमी बोलणारे.

दर्यापूर सोडल्यावर पक्का रस्ता संपला. काळ्या मातीतल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. गाव दिसू लागलं आणि गाडीच्या पोटाला ठोकर बसली. मीटरचा काटा पडायला लागला.

"साहेब, ऑइल प्रेशर डाऊन."

"गाव?"

"हेच समोरचं."

"बंद कर. ढकलू."

गावातली माणसं धावून आली. गाडी ढकलत वासुदेवच्या दारात, निंबाच्या सावलीत लावली. त्याची माय ओट्यावर उभी होती. नवरा केव्हाच गेलेला, शेती तीच पाहायची. साहेबांनी सॅल्यूट केला. मी पेटी ओट्यावर ठेवली. तिने पेटीवर हात ठेवला, पण उघडली नाही.

लगेच निघता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. गाडी हलणार नव्हती. मी खाली शिरलो. सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, प्लगला ठोकर लागून तो ढिला झाला होता. वॉशर फाटलेला, आटे झिजलेले. आट्यांवर काहीतरी गुंडाळल्याशिवाय तेल थांबणार नव्हतं.

"माय, सूत आहे काय घरात?"

तिने कापूस आणला. गाडीजवळ बसून ती मांडीवर लांब वाती वळू लागली आणि एकेक खाली देऊ लागली. मी साबण लावून त्या आट्यांवर बसवत होतो. मला तिचा फक्त हात दिसत होता.

"तू त्याच्यासंगच होता ना?"

"हो, माय."

"खरं सांग मंग. मले कोणी काही सांगून नाही राहिलं."

मी खालूनच सांगितलं. मागे हटायचा हुकूम होता. जीपमध्ये दोन जखमी होते. वाटेत इंजिनाचं तेल गळायला लागलं. वासुदेव म्हणाला, 'तू स्टेअरिंगवर राह्य, मी पायतो.' खाली शिरून त्याने पाइपचा जोड आवळला. बाहेर येत असतानाच गोळा पडला. मी त्याला उचलून माझ्या सीटमागे ठेवलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गाडी हाकत राहिलो.

"काही बोलला काय?"

"'थांबू नको' म्हणे."

"अन् हात?"

"एका वळणावर खाली गेला, माय."

वाती यायच्या थांबल्या. थोड्या वेळाने हात पुन्हा खाली आला.

"घे," ती म्हणाली. मग विचारलं, "ते दोघं?"

"जगले. दोघंबी."

साहेब निंबाखाली उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

प्लग आवळला, डब्यातलं तेल भरलं, इंजिन चालू केलं. काटा वर आला. गळती थांबली.

"बंद कर ते," माय म्हणाली. "जेवल्याबिगर कोणी जाणार नाही."

भाकर, वरण, ठेचा. जेवताना मी तिला वासुदेवची सवय सांगितली. गाडीखाली शिरला की तो बाह्या सारून इंजिनाशी बोलायचा, 'काहून वो बाई, काहून रडून राहिली?' सगळी पलटण हसायची.

मायही हसली. डोळे पुसत म्हणाली, "धार काढतानी म्हशीसंग बी असाच बोले."

साहेबांनी ताटावरून मान वर केली नाही.