नवख्या हाताला मुरलेला बैल

धोंडीबांनी आयुष्यात स्वतःचा नांगर जितका हाकला, त्याहून जास्त दुसऱ्यांचे बैल पारखले. मांजरा नदीच्या काठी त्यांचं रान, पण नाव झालं ते कळंबच्या जनावरांच्या बाजारात. कुणाला बैल घ्यायचा झाला की तो आधी धोंडीबांच्या ओट्यावर येऊन चहा प्यायचा आणि मग त्यांना पुढं घालून बाजारात जायचा. धोंडीबा जनावराचे दात बघत, खुरावर अंगठा दाबून बघत आणि मालकाला म्हणत, "चालवून दावा." तेही सपाटीवर नाही, बाजाराच्या कडेला ढेकळांचा एक पट्टा होता, तिथं. उभा बैल कुणाचाही चांगलाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

सगळं पसंत पडलं की खांद्यावरचा मोठा रुमाल पसरायचा. रुमालाखाली एक हात मालकाचा, एक धोंडीबांचा. तोंडानं अवाक्षर नाही, सगळा सौदा बोटांवर. बघणाऱ्याला फक्त हलणारा रुमाल दिसे. रुमालाखालचं बोलणं रुमालाखालीच राहायचं, हा बाजाराचा कायदा, आणि धोंडीबांनी तो बायकोलासुद्धा मोडू दिला नाही.

या सगळ्या कारकिर्दीत त्यांची एकच चूक झाली, आणि ती कळंबात रोज चहा विकते. त्यांचा बालमित्र बंडप्पा. विशीत बंडप्पाला वडिलांच्या माघारी शेती करायची हुक्की आली. धोंडीबाही तेव्हा कोवळेच. मित्राला देखणं जनावर द्यायचं म्हणून त्यांनी पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा तरणा खोंड निवडून दिला. गावानं तोंडात बोटं घातली. पहिल्याच दिवशी खोंडानं बंडप्पाला कासऱ्यासकट सगळ्या वावरातून फरफटत नेलं आणि विहिरीच्या काठावर आणून सोडलं. बंडप्पा उठला, धोतर झटकलं आणि थेट कळंबला जाऊन चहाचा गाडा टाकला. कासऱ्याला त्यानं पुन्हा हात लावला नाही. गाडा पुढं बरकतीला आला, पण धोंडीबा दिसले की तो गिऱ्हाइकांना सांगणारच, "ह्यो बघा, ह्यानं मला चहावाला केलं!" गिऱ्हाइकं हसत. धोंडीबाही हसत, पण आत कुठंतरी कुसळ टोचायचं. तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला: नवख्या हाताला मुरलेला बैल, आणि मुरलेल्या हाताला नवा खोंड.

ट्रॅक्टर आले, बाजार आटला. गेल्या सात वर्षांत धोंडीबांची पारख कुणी विचारली नव्हती. आता त्यांच्याकडं एकच मोठं काम उरलं होतं: दर रविवारी नातीला, दीपमालाला, मोपेडवर बसवून कळंबच्या वाचनालयात न्यायचं. सातवीतली ही पोरगी तिथल्या रोबोट क्लबात जायची. क्लब चारुशीला बाईंनी काढलेला. बाई शाळेत विज्ञान शिकवत आणि रविवारची झोप मोडून इथं पोरं गोळा करत.

त्या रविवारी गावाबाहेर पडल्यावर दीपमाला मागून म्हणाली, "आबा, आजचा शेवटचा रविवार. पुढच्याला म्या न्हाय येणार."

"का गं? कुणी बोललं का?"

"कुणी न्हाय बोललं. वर्षात म्या रोबोटला दोनदा हात लावला, आबा. ते बी पुसायला."

धोंडीबांनी मोपेड हळू केली. पोरीचा बाप लहानपणी असाच मागं मागं राहायचा, आणि मागंच राहून गेला. ही तशी राहू नये, एवढीच त्यांची देवाजवळ मागणी होती. पण रोबोटातलं त्यांना काय कळणार? त्यांनी पुन्हा वेग वाढवला.

वाचनालयापुढंच बंडप्पाचा गाडा. धोंडीबा चहा घेऊन नेहमीसारखे व्हरांड्यात टेकले, तर आत जत्रा भरलेली. मेजावर तीन खोकी आणि भोवती बावीस पोरं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी क्लबासाठी एकदाच मदत देऊ केली होती, आणि तीन विक्रेत्यांनी बघण्यासाठी एकेक संच पाठवला होता. संध्याकाळपर्यंत बाईंना एक ठरवून कळवायचा होता. बाईंचा चेहरा मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झालेला. मागच्या वर्षी त्यांनीच एक महागडा रोबोट पसंत केला होता. तो एकच होता, मोडेल म्हणून कपाटात राहिला आणि पोरं चाळीसावरून बाविसावर आली. यंदा चुकलं तर क्लबाला कुलूप, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ह्यात विचार कसला करायचा, मॅडम?" गुरुप्रसाद सर म्हणाले. सर संगणक शिकवत, माणूस हौशी आणि आवाज खणखणीत. त्यांनी पहिल्या खोक्यातून हातभर उंचीचा चकचकीत निळा रोबोट काढून मेजावर ठेवला. कळ दाबताच त्याचे डोळे पेटले, गाणं वाजलं आणि तो कंबर हलवून नाचू लागला. पोरांनी एकच गिल्ला केला, "ह्योच! ह्योच!"

धोंडीबांनी दारातून पाहिलं. सगळ्यात मागं, खांबाला टेकून दीपमाला उभी होती. ती ओरडत नव्हती. त्यांना एकदम पांढरा खोंड आठवला आणि चहाचा पेला हातातच राहिला.

"बाई," ते उंबऱ्यात येऊन म्हणाले, "रागावू नका, पण ह्याला भुईवर चालवून बघितलं का?"

सर हसले. "आबा, हा बैल नाही."

"व्हय की. पर चालायचं त्यालाबी हायेच न्हवं?"

बाई म्हणाल्या, "बघू या की." आणि त्यांनी रोबोट उचलून खाली ठेवला. वाचनालयाची फरशी शहाबादी, निजामाच्या काळातली, दोन फरश्यांमध्ये बोट जाईल एवढ्या सांधी. निळ्या पाहुण्यानं तीन पावलं दिमाखात टाकली, चौथं सांधीत घातलं आणि गाणं म्हणत तोंडावर पडला.

"फरशी वाकडी आहे," सर पटकन म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं!" मागून कुणीतरी पोरगी बोलली आणि सगळी पोरं हसत सुटली. सरसुद्धा हसले, हा त्यांचा मोठेपणा.

बाईंचे डोळे आता जरा जागे झाले. "आबा, आत या. बैल पारखायला काय काय बघायचा तुम्ही?"

सात वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. धोंडीबांनी रुमाल नीट केला, चपला दारात सोडल्या आणि मेजाशी आले. "पैलं म्हंजे, घेणारा कोन हाय ते बघायचं. जनावर मागनं. हितं घेणारं कोन?"

"नवी पोरं. पहिल्यांदाच शिकणारी."

"मग नवख्याच्याच हातात देऊन बघावं. ही पोरं मोबाइलवर बघून अर्धी शिकल्याली हायेत. अगदी कोरा मानूस पायजे." त्यांनी बाहेर हाक मारली, "बंडप्पा, ये की आत!"

"एकदा तुज्या जनावराला हात लावला, बास झालं!" गाड्यावरून उत्तर आलं.

मग कोरा माणूस म्हणून धोंडीबा स्वतःच खुर्चीवर बसले. पोरं दाटीवाटीनं भोवती उभी राहिली, आणि कुणी मदत करायची नाही अशी बाईंनी ताकीद दिली.

नाचऱ्या रोबोटाला पहिल्यांदा इंटरनेट हवं होतं, मग खातं, मग परवलीचा शब्द, मग नवं ॲप. एवढं करून त्याच्यात आधीच भरलेले बारा नाच होते, तेरावा आपला घालायचा तर आणखी पैसे. "म्हंजे ह्यो शिकून आलाय, शिकवू देत न्हाय," धोंडीबा म्हणाले आणि तो बाजूला सारला. दुसरं खोकं उघडलं तर तिळाएवढे स्क्रू. एक हातातून निसटला आणि फरशीच्या सांधीत गेला तो गेलाच. "आता ह्यो कळंबात मिळंल का?" सरांनी प्रामाणिकपणे मान हलवली. नाही मिळणार.

तिसरा संच दिसायला अगदी गबाळा. मळकट पिवळे मोठाले तुकडे, दोन जाड चाकं, समोर अडथळा ओळखणारा डोळा, आणि पोटात किराणा दुकानातले साधे पेन्सिल सेल. पोरांनी त्याला बघून नाकं मुरडली होती. तुकडे दाबले की बसत, ओढले की निघत. चालवायला वाचनालयाचा जुना संगणक पुरला, इंटरनेट नको. पडद्यावर रंगीत ठोकळे, त्यावर मराठीत शब्द: पुढे जा, थांब, वळ. एकाला एक जोडत जायचं, की झाली आज्ञा.

चौथी शिकलेल्या धोंडीबांनी तर्जनीनं एकेक ठोकळा ओढला. 'पुढे जा' लावलं. गाडी मागं गेली.

पोरं खिदळली. धोंडीबांनी तिला उलटी केली, पोट बघितलं, दोन तारा एकमेकींच्या जागी लागलेल्या. काढल्या, अदलाबदल केली, पुन्हा सोडली. गाडी गुर्रर करत सांधी ओलांडत पुढं गेली आणि भिंतीजवळ स्वतःच थांबली. म्हातारा खुर्चीतून ताडकन उठला. बाजारात कुणी त्यांना कधी टाळी वाजवताना पाहिलं नसेल, पण इथं त्यांनी वाजवली.

"बाई, ह्यो!" ते म्हणाले. "ह्याच्यासंगं म्या चुकलो, तर ह्यानं लाथ न्हाय मारली. चूक दावली आन् पुन्यांदा उभा ऱ्हायला. नवख्याला असलंच जनावर पायजे."

बाईंनी भराभर हिशेब केला. नाचऱ्या एकाच्या पैशात हे सात येत होते, म्हणजे तिघा-चौघांत एक. पण पोरांचा जीव अजून निळ्यात. पुढच्या बाकावरच्या चार दांडग्यांनी पुन्हा "नाचणारा!" सुरू केलं. सर म्हणाले, "हात वर करून मत घेऊ." धोंडीबांनी मान हलवली. चौघांचे हात वर गेले की बाकीचे बघून करणार, हे त्यांनी बाजारात हजारदा पाहिलं होतं.

त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून पसरला. "एकेकानं यायचं. रुमालाखाली हात. पैल्यासाठी एक बोट दाबायचं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. हितं काय झालं ते म्या मरस्तवर कुणाला सांगनार न्हाय."

पोरांना हा खेळ रोबोटापेक्षा भारी वाटला. एकेक हात रुमालाखाली आला. घामेजलेले, शाईचे, एक तर पेरूच्या वासाचा. जे तोंडानं "नाचणारा" ओरडत होते त्यांची बोटं काय म्हणाली, ते धोंडीबांच्या डोळ्यांतसुद्धा उमटलं नाही. शेवटी दीपमाला आली. गार पडलेला हात. तिनं तीन बोटं दाबली, घट्ट, आणि मग सोडायचा तो हात सोडलाच नाही. रुमालाखाली तिनं आजोबांचा अंगठा धरून ठेवला. बाजारात एवढा चांगला सौदा त्यांनी केला नव्हता.

"माझंही मत घ्या," म्हणत सरांनीही हात घातला. काय दाबलं ते रुमालालाच ठाऊक. हात बाहेर काढल्यावर सर लाजून हसले, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

"तेवीस हात," धोंडीबांनी जाहीर केलं. "तिसऱ्याला एकोनीस."

बाईंनी तिथंच फोन लावला. आवाजात मघाची धास्ती राहिली नव्हती. परत जाताना मोपेड अर्ध्या वाटेवर आली. मग मागून आवाज आला, "आबा, पुढच्या रविवारी जरा लवकर निघायचं का?"

संच दिवाळीनंतर आले. पहिल्या रविवारी सात पिवळ्या गाड्या फरशीभर हिंडत होत्या, आणि गाडीमागं तीन-चार पोरं गुडघ्यांवर. आवाज एवढा, की बंडप्पा चहाची किटली घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"या की बंडप्पाआज्जा, तुमी बी चालवा," दीपमाला म्हणाली. आता ती खांबाला टेकलेली नव्हती, मधोमध बसून दोघा बारक्यांना शिकवत होती.

"नको गं माय. मला न्हाय जमत असलं."

पण तिनं किटली काढून घेतली, त्याला हात धरून संगणकाजवळ नेलं आणि त्याच्याच बोटानं दोन ठोकळे ओढवले: पुढे जा. अडलं की वळ. गाडी निघाली. ज्या कपाटात मागच्या वर्षीचा रोबोट पडून होता त्याच्याजवळ गेली, थांबली आणि बांधावरून बैल वळावा तशी वळून बंडप्पाच्या पायाशी आली. "हो, हो, हो!" बंडप्पा ओरडला. पन्नास वर्षांत त्या तोंडातून बैलाची हाक गेली नव्हती. त्यानं पुन्हा गाडी सोडली. पुन्हा वळली. सात वेळा सोडली, बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली, किटली गार झाली.

मग डोळे पुसत तो धोंडीबांकडं वळला. "धोंड्या, असलं जनावर तवा का न्हाय दिलंस रं मला?"

धोंडीबांच्या आतलं कुसळ त्या घटकेला निघालं.

"तवा तू बी नवखा व्हतास, आन् म्या बी," ते म्हणाले. "आता सरक जरा. माजी पाळी हाय."