दहा बोटं दोनदा

ऑफिसात त्याचं नाव पडलं होतं किंचित. सेन्सरचा कुठलाही आकडा बदलताना तो पुटपुटायचा, "किंचित वाढवू," आणि मग तासभर त्या एका आकड्याशी झटत बसायचा. हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं की सेन्सर ठसा उचलतो आणि ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तो यंत्राला समजावून सांगतो. तो ड्रायव्हर किंचितचा. सेन्सरची नवी आवृत्ती आली की सगळे आकडे पुन्हा जुळवायचे आणि वीस माणसांच्या बोटांवर तपासायचे, असा नियम होता. नियमही त्यानंच केलेला.

पहिल्या दोन आवृत्त्यांना त्यानं गवंडी, माळी, शिंपी, कोण कोण गोळा केलं होतं. तिसरीच्या वेळी कंटाळा केला. नव्या सेन्सरचा ठसा फिकट यायचा, त्यात ठिपकेही फार. त्यानं ठिपके पुसणारा आकडा वाढवला, स्वतःचीच दहा बोटं दोन-दोनदा टेकवली आणि कागदावर वीस माणसं भरून टाकली. खुर्चीत बसून काम करणाऱ्याची बोटं ती, रेषा न् रेषा उमटली.

चार महिन्यांनी एका रविवारी तो मावशीकडे गेला. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं, इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुऊन. मावशी ओट्यापाशी बसून बोटांना तेल चोळत होती.

"गेटवरचं नवं यंत्र मला ओळखत नाही रे. पंधरा दिवस गैरहजेरी लागली. आता येऊच नका म्हणाले."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलणार? बोटंच झिजली माझी. यंत्राचा काय दोष?"

गेटवरचं यंत्र त्याच्याच कंपनीचं होतं, तिसऱ्या आवृत्तीचं. मावशीच्या फिकट रेषा त्याच्या आकड्यानं ठिपके समजून पुसून टाकल्या होत्या. हे तिला सांगायला त्या दिवशी त्याची जीभ रेटली नाही.

सोमवारी त्यानं साहेबांपुढे तो कागद ठेवला, सगळं कबूल केलं आणि मुकाट बोलणी खाल्ली. या खेपेला वीस खरी माणसं तपासली. नवा ड्रायव्हर इस्पितळात पोचला, मावशीला परत बोलावणं आलं. पहिल्या सकाळी तो तिच्याबरोबर गेटपर्यंत गेला. तिनं बोट टेकवलं आणि हिरवा दिवा लागला.

"बघ, तेलाचा गुण आला," मावशी खुशीत म्हणाली.

गप्प राहिला असता तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. तसं राहावं असं त्याला फार वाटलं, खोटं कशाला सांगा.

"मावशी, तुझ्या बोटांना काही झालं नव्हतं. माझी..." किंचित हा शब्द ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला. "माझी चूक होती. तपासलं नाही आणि तपासलं म्हणून लिहून दिलं."

मावशीनं बोटं उलटसुलट करून पाहिली.

"आधी सांगितलं असतंस तर भांडले असते रे," ती म्हणाली. "माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या. त्या भांडायला निघाल्या होत्या. मीच समजूत घातली, बोटं झिजली आपली, चला घरी. त्या तर आता गाव सोडून गेल्या."