सोबतच्या व्यक्तीचे नाते

त्या फॉर्मवर एकोणीस रकाने होते. मास्तरांनी त्यातले अठरा दहा मिनिटांत भरून टाकले. वय एकोणचाळीस, रक्तगट, वजन, ॲलर्जी नाही, याआधीचं ऑपरेशन नाही, मधुमेह नाही. एकोणिसाव्या रकान्यात छापलं होतं, ‘सोबतच्या व्यक्तीचे नाव व नाते’. तिथे पेन थांबलं.

काउंटरवरच्या बाईंनी काचेखालून फॉर्म ओढून पाहिला आणि परत सरकवला.

“हे रिकामं चालत नाही. सोबत कोणी नसेल तर ऑपरेशन होत नाही. मंगळवारपर्यंत भरून आणा.”

नातं जणू समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणार होतं, अशा सुरात त्या बोलल्या आणि पुढच्या माणसाला हात केला.

मास्तर बाई होत्या. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला मास्तरच म्हणतात. तेरा वर्षांपूर्वी आधीचे मास्तर निवृत्त झाले आणि त्या जागी या आल्या, तेव्हा हुद्दा बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. हॉलच्या मधोमध नऊ मीटर लांब टेबल. त्यावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याच्या मशीननं ऐंशी थर एका दमात कापायचे. इथे चूक एकट्यानं येत नाही, ऐंशीच्या घोळक्यानं येते. त्यामुळे मास्तर चुकत नसत, फारसं बोलत नसत आणि कोणाकडे काही मागत नसत. या तिन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

थर अंथरायला मात्र दोन माणसं लागतात. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अकरा वर्षं एकच गृहस्थ उभे असत. उंच, पन्नाशीचे, चेहरा कायम नुकतीच वाईट बातमी ऐकल्यासारखा. त्यांना सगळे टोकवाले म्हणत. मास्तरांचं आणि त्यांचं संभाषण अकरा वर्षांत मुख्यतः दोन शब्दांचं झालं होतं. एक ‘ओढा’ आणि दुसरा ‘बस’. मधलं अंतर नऊ मीटर, आणि ते कमी करण्याची गरज दोघांनाही वाटली नव्हती.

दुखणं त्याहूनही जुनं होतं. महिन्यातले चार-पाच दिवस मास्तरांना संडासला जाणं म्हणजे काचा गिळून त्या परत देण्यासारखं होई. पोट ढोलासारखं फुगे. बसलं की आतून कोणीतरी सुई टोचून ती तिथेच विसरल्यासारखं वाटे. एक आठवडा काही होत नसे, मग एका दिवसात सहा वेळा होई, कधी रक्तही दिसे. कारखान्यात चाळीस बायकांना दोन संडास होते. मास्तर तिथे पंधरा-पंधरा मिनिटं राहत आणि बाहेर आल्यावर रांगेकडे न बघता टेबलाकडे जात. रांगेतल्या बायकांनी त्याचा अर्थ शिष्टपणा असा लावला होता. मास्तरांना तो अर्थ सोयीचा वाटला.

पहिल्या डॉक्टरांनी मूळव्याध सांगितली. दुसऱ्यांनी पचन. तिसऱ्यांनी “लग्न झालंय का?” असं विचारलं, उत्तर ऐकलं आणि ताण असल्याचं निदान केलं. चौथे पोटाचे मोठे डॉक्टर होते. ते काय खाता, किती वाजता खाता, किती चावता, सगळं विचारत. पाळीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. आणि विचारलं नाही ते आपण होऊन सांगायचं नाही, हा मास्तरांच्या घरचा संस्कार होता. पाळीत पोट दुखतं हे त्यांना ठाऊक होतंच, पण ते बायकांचं दुखणं. हे आतड्याचं. दोन दुखण्यांची दोन खाती त्यांनी वेगळी ठेवली होती.

पोटाच्या डॉक्टरांनी शेवटी कोलोनोस्कोपी सांगितली. नळी घालून आतडं आतून बघतात. “भूल घ्यायची तर सोबत कोणीतरी आणा,” तिथली नर्स म्हणाली.

“आणि सोबत नसेल तर?”

“तर भूल नाही.”

मास्तरांनी भूल घेतली नाही. आदल्या दिवशी आतडं धुवायचं औषध पिऊन त्या दिवसभर एकट्या घरातल्या एकट्या संडासात बसल्या, दुसऱ्या दिवशी जागेपणी तपासणी करून घेतली, आणि रिक्षा करून घरी आल्या. अहवालात लिहिलं होतं, ‘आतडे आतून स्वच्छ व निरोगी’. त्यांच्या कुठल्याच गोष्टीला आजवर इतकं चांगलं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं.

पण त्याच दिवशी कारखान्यात घोटाळा झाला.

डॉक्टरांनी कधीतरी दुखण्याचे दिवस लिहून ठेवायला सांगितलं होतं. मास्तरांच्या हाताशी पेन नसे. खाच पाडायचा चिमटा मात्र कायम कमरेला लटकलेला असे. म्हणून एका बंद पडलेल्या हॉटेलच्या एप्रनचा जुना फर्मा त्यांनी या कामी घेतला. कडेनं एक सेंटीमीटर म्हणजे एक दिवस. दुखलं की चिमट्यानं खाच. सात महिन्यांत खाचा डाव्या कडेनं उतरून, खालची कड ओलांडून, उजवीकडून वर चढल्या होत्या. कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. पण पुठ्ठा थोडाच विचारतो?

आणि नेमकं ते हॉटेल नव्या मालकानं उघडलं. मास्तर रजेवर, घाईची ऑर्डर, एकशे साठ एप्रन. टोकवाल्यांनी शिवणाऱ्या एकीला मदतीला घेऊन थर लावले, रॅकवरून फर्मा काढला आणि फर्म्यावर होत्या तेवढ्या सगळ्या खाचा इमानदारीनं कापडात उतरवल्या. खाच दिसली की तिथे चुणी घालायची, हे शिवणाऱ्या बायकांच्या बोटांना पाठ. दुपारपर्यंत एप्रनांना तिन्ही बाजूंनी चुण्यांचे झुबके फुटले. चार-पाच चुण्या, मग सपाट, मग पुन्हा चार-पाच चुण्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर आल्या तेव्हा सुपरवायझर टोकवाल्यांना सगळ्यांसमोर झाडत होता. “डोळे कुठं होते? हे एप्रन आहे की हार्मोनियम?”

टोकवाले एका एप्रनच्या चुण्या हातानं सरळ करत होते. मास्तरांनी फर्मा ओळखला आणि त्या काही बोलल्या नाहीत. खाचा माझ्या आहेत म्हटलं की कशाच्या आहेत हे सांगावं लागलं असतं. सकाळचे दोन तास एक निरपराध माणूस त्यांच्या आतड्यापायी बोलणी खात होता आणि त्या खडूला टोक काढत होत्या.

शिवणाच्या ओळीतल्या सर्वांत जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी एक एप्रन उचलला, गळ्यातली टेप काढली आणि झुबक्यांमधलं अंतर मोजलं.

“अठ्ठावीस,” मावशी म्हणाल्या. “अठ्ठावीस. सत्तावीस. परत अठ्ठावीस.” मग टेबलाजवळ येऊन हळूच, “मास्तर, तू महिन्यातून चार दिवस संडासात मुक्कामाला असतेस, ते हेच का?”

मास्तरांचा खडू मोडला.

“पोटाचं आहे, मावशी.”

“पोटाला कुठलं आलंय कॅलेंडर? पोटाच्या डॉक्टरकडे काय जातेस, बायकांच्या डॉक्टरकडे जा. मोठी मास्तर म्हणे, आणि चाळीस बायकांत तुझंच माप तुला काढता येईना.”

मास्तरांनी सुपरवायझरला जाऊन सांगितलं की फर्मा माझा होता. एवढंच सांगितलं. टोकवाल्यांना त्या काही बोलल्या नाहीत. ‘ओढा’ आणि ‘बस’ पूर्ववत सुरू झालं, फक्त आठवडाभर त्या दोन शब्दांनंतर मास्तर खाली बघत.

बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी बोटानं एकच जागा दाबली आणि विचारलं, “इथे?” इतक्या वर्षांत कोणी नेमकं तिथे पोहोचलं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं दुखल्याचं किती आणि सापडल्याचं किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग आतून सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, आणि आजाराला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस, आतड्याचा. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच अस्तर नको तिथे उगवतं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तुमचं आतड्याला बाहेरून चिकटून भिंतीत शिरलंय. पाळीच्या सुमारास तेही सुजतं, तेही झिरपतं.

“म्हणजे कोट उलटा करून आतून तपासला,” मास्तर म्हणाल्या, “आणि डाग बाहेरून होता.”

“अगदी बरोबर. शिंपी आहात का?”

“मास्तर आहे.”

आठ महिने हार्मोनच्या गोळ्या झाल्या. पाळी थांबली, दुखणं निम्म्यावर आलं. पण आतडं त्या जागी अरुंद होत चाललं होतं, आणि ते गोळ्यांना ऐकेना. तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडायची असं ठरलं. जोड भरून यायला वेळ हवा असला, तर काही महिने मल पोटावर लावलेल्या पिशवीत. ती लागेल की नाही हे आत गेल्यावरच कळणार होतं. मास्तरांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. घाबरल्या त्या एकोणिसाव्या रकान्याला. भूल नाकारून हे ऑपरेशन करून घेता येत नव्हतं.

दादाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात राहायचा.

“आतड्याचं? तू लहानपणापासून नाजूकच गं,” दादा म्हणाला. “आलोच असतो. पण घरात रंगकाम काढलंय. ही माणसं म्हणजे, उभं राहिलं नाही तर एका भिंतीला दोन रंग लावतील.”

मागून वहिनी म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, कोमट पाणी पीत जा.”

“ऐकलंस?” दादा म्हणाला. “रंग वाळला की येतोच.”

मावशींच्या मुलीच्या बाळंतपणाची तारीख त्याच आठवड्यातली होती. शेजारच्या बाई सोबत यायला एका पायावर तयार झाल्या, पण दवाखान्याच्या वासानं त्यांना चक्कर येते असंही त्यांनीच सांगितलं. सोमवार उजाडला तरी रकाना कोराच.

निळं कापड होतं. मास्तरांनी आपलं टोक धरलं.

“ओढा,” त्या म्हणाल्या. आणि मग, टेबलाकडे बघत, “उद्या तुम्ही मोकळे आहात का?”

“उद्या थर आहेत,” टोकवाले म्हणाले.

“उद्या मी नाही. बदली मास्तर परवा येणार. तोवर तुम्हाला एकट्याला थर कोण लावू देईल?”

टोकवाल्यांनी विचार केला. “म्हणजे मोकळाच.”

“दवाखान्यात बसावं लागेल. सही करावी लागेल. काही झालं तर डॉक्टर तुम्हाला येऊन सांगतील.” मास्तरांनी कापडाची कड सारखी केली. “त्या एप्रनच्या वेळी मी दोन तास काही बोलले नाही.”

“मी घड्याळ बघत नव्हतो,” टोकवाले म्हणाले. “किती वाजता यायचं?”

मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. काउंटरवरच्या बाईंनी रकाना वाचला. “सहकारी? सहकारी नातं नसतं. रक्ताचं लिहा नाहीतर लग्नाचं.”

रक्ताचं रंगकामात होतं आणि लग्नाचं झालंच नव्हतं.

“मावसभाऊ लिहा,” टोकवाले काउंटरला म्हणाले. अकरा वर्षांत मास्तरांनी त्यांना खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. ते त्यांना चांगलं जमत नव्हतं. बाईंनी लिहून घेतलं.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्याला होतं. टोकवाले खुर्चीत ताठ बसले होते, हातात काहीतरी धरल्यासारखे.

“बारा सेंटीमीटर काढलं,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं. मी विचारलं, कडा सरळ आल्या का. हो म्हणाले.”

मास्तरांनी पांघरुणाखालून पोटाकडे हात नेला.

“लावलीय,” टोकवाले म्हणाले. “तीन महिने. मग काढतात. ते मला विचारत नव्हते तसे, सांगतच होते. तरी मी हो म्हटलं.” मग, “तुम्हाला विचारून यायची सोय नव्हती.”

साडेपाचला ते उठले. त्यांची बस पावणेसहाची होती, आणि दुसऱ्या दिवशी एका शाळेची ऑर्डर. निघताना त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं. ते दारापर्यंत गेले, वळले, “बस मिळेल,” म्हणाले आणि गेले.

सहाला दादाचा फोन आला. “झालं ना सगळं? सोबत कोण आहे?”

“मावसभाऊ,” मास्तर म्हणाल्या.

“कोणाचा? आपल्या आईला बहीणच नव्हती.”

“नव्हती.”

दादा गोंधळला. मग म्हणाला, “हॉलचा वाळलाय. आतली खोली राहिली.”

“सावकाश वाळू दे.”

भेटण्याची वेळ सुरू झाली होती. बाजूच्या पलंगाभोवती सात माणसं उभी होती आणि आठव्यासाठी मास्तरांची खुर्ची मागून नेली. मास्तरांनी मान हलवून दिली.

नर्स हातमोजे घालून आल्या. “पिशवी रिकामी कशी करायची ते दाखवते. घरच्यांना बोलवा, त्यांनाही बघू दे. पहिले काही दिवस पेशंटला जमत नाही.”

“घरचे नाहीत.”

“मघाशी भाऊ होते ना?”

“ते गेले. उद्या येणार नाहीत.”

“मग घरी कोण करणार?”

“मी.”

नर्सनी एकदा त्यांच्याकडे, एकदा जिथे खुर्ची होती तिथे पाहिलं, आणि पांघरूण बाजूला केलं. “मग नीट बघा. एकदाच दाखवणार असं समजा.”

मास्तरांनी कोपरावर जोर देऊन मान वर केली. शेजारच्या पलंगापाशी कोणीतरी हसत होतं. पिशवीच्या तोंडाची पट्टी तीनदा दुमडलेली होती. ती कुठल्या बाजूनं आधी उलगडायची, हे त्या बघत राहिल्या.