शुक्रवारचा रविवार

प्रिसिलाच्या घरात शुक्रवारला रविवार म्हणतात. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून रुवीच्या चर्चमधली रविवारची मिस्साही तिच्यासाठी शुक्रवारी. मग मटण शुक्रवारी आणि उशिरा उठणंही शुक्रवारीच. गुरुवारी संध्याकाळी ती नवऱ्याला, ॲलिस्टरला सांगते, "उद्या रविवार आहे, दाढी कर," आणि वादी कबीरमधल्या त्या फ्लॅटमध्ये एकोणीस वर्षांत हे कुणालाच चुकीचं वाटलेलं नाही. खरा रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. त्याला घरात नाव नाही. तो नुसता 'ड्युटी'.

ही सवय तिला पंचविसाव्या किलोमीटरवर नडली.

प्रिसिला मूळची वसईची, वय चोपन्न. मस्कतच्या एका हॉटेलात ती लिनन रूमची सुपरवायझर आहे. चादरी, टॉवेल, नोकरांचे युनिफॉर्म, आणि दिवसाचे नऊ तास पायांवर. शाळा सुटल्यापासून ती कधी पळाली नव्हती. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या मॅरेथॉनला हॉटेलने पाण्याचं टेबल लावलं आणि तिथे केळी देण्याचं काम तिच्याकडे आलं. पुढचे पळणारे केळ्यांकडे बघतही नव्हते. सगळ्यात शेवटी साठीची एक बाई आली. तिच्या मागे रस्ता मोकळा करत येणारी गाडी. बाईने केळं घेतलं, उभ्याउभ्या संपवलं, साल प्रिसिलाच्या हातात दिली आणि पुढे निघाली. ती पोचली का, हे विचारायला प्रिसिला टेबल आवरून दीड किलोमीटर चालत गेली. बाई पोचली होती.

त्यानंतर प्रिसिलाने बूट घेतले. पहिल्या वर्षी ती पाच किलोमीटर पळाली, दुसऱ्या वर्षी दहा. तिसऱ्या वर्षी तिने थेट पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं, बेचाळीस किलोमीटरच्या. यंदाच, कारण ॲलिस्टरचा वर्कशॉपमधला करार मार्चमध्ये संपतो. मग दोघं वसईला परत.

"वसईला नाही का पळता येत?" ॲलिस्टरने विचारलं.

"तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी विचारेल, प्रिसिलाबाय, एवढ्या घाईत कुठे? इथे कोण विचारतंय!"

पूर्ण झेपत नसेल तर वीस डिसेंबरपर्यंत नाव अर्ध्या मॅरेथॉनला बदलता येत होतं. तिने स्वतःचा नियम ठरवला: त्याआधी एकदा बत्तीस किलोमीटर न थांबता झाले तर पूर्ण पळायची. नाही झाले तर अर्धी, आणि विषय बंद.

पळण्याचं वेळापत्रक धाकट्या भावाने, वॉरनने, वसईहून पाठवलं. त्याच्या नावावर तीन मॅरेथॉन आहेत. वहीच्या पानावर सात ओळी होत्या. गुरुवारी बारा किलोमीटर जोरात. शुक्रवारी आराम. शनिवारी हलकं. रविवारी लांब पल्ला. प्रिसिलाने ते वाचलं, पेन घेतलं आणि रविवारची ओळ शुक्रवारच्या जागी नेली, कारण रविवार म्हणजे शुक्रवार. शुक्रवारचा आराम खाली रविवारी टाकला. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्या. पान फ्रिजवर लावलं.

ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी पहाटे साडेचारला ॲलिस्टर तिला गाडीने अल हैलला नेऊ लागला. वादी कबीरमध्ये चढच चढ. अल हैलचा किनाऱ्याचा रस्ता सपाट. दोन किलोमीटरची एक फेरी. ॲलिस्टर घडीच्या खुर्चीवर बसून प्रत्येक फेरीला पाणी आणि खजूर द्यायचा. अठरा झाले, बावीस झाले. मग गाडं अडलं. चोवीस, सव्वीस, पंचवीस. पाय अचानक लाकूड व्हायचे आणि ॲलिस्टर गाडीचं दार उघडायचा.

"वय झालं," तो म्हणायचा. "माझंही झालंय, पण मी बसून आहे."

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी वॉरनचा फोन आला. "मागच्या रविवारी किती झाले?"

"मागचा कशाला, कालचेच सांगते. सव्वीस. पुढे पाय हलेनात."

"काल शुक्रवार होता. आराम लिहिलाय मी."

"रविवार होता."

"बाय, आज शनिवार आहे. सकाळीच घेतलीस काय?"

"अरे, आमचा रविवार! मिस्सेचा. तो वर घेतला आणि आराम खाली ढकलला."

"आणि गुरुवारचे बारा?"

"गुरुवारी. तू लिहिलंस तसे."

"म्हणजे गुरुवारी संध्याकाळी बारा जोरात, आणि झोपून उठून लगेच पंचवीस? किती आठवडे?"

"नऊ. तुझंच टाइमटेबल आहे."

"माझं नाही ग ते! सगळंच दोन दिवस अलीकडे घ्यायचं होतं. गुरुवारचं मंगळवारी, आराम बुधवारी." मग तो हसायला लागला. "आम्ही असं महिन्यातून एकदा करतो, तेही मुद्दाम. आणि फेसबुकवर टाकतो. तू नऊ आठवडे केलंस आणि म्हणतेस पाय हलत नाहीत!"

प्रिसिलाला हसू आलं नाही. मुदतीआधी एकच शुक्रवार उरला होता. तिने फ्रिजवरचं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सातही ओळी नव्याने लिहिल्या, या वेळी इंग्रजी वारांनी.

"चला, वय नाही झालं," ॲलिस्टर म्हणाला. "कॅलेंडर झालं."

त्या आठवड्यात बारा किलोमीटर मंगळवारी झाले, बुधवारी ती घरी बसली, गुरुवारी नुसते पाच. शुक्रवारी अल हैलला सव्विसाव्या किलोमीटरला ती गाडीजवळ आली, तेव्हा ॲलिस्टरने सवयीने दार उघडलं. तिने पळता पळताच हाताने बंद करण्याची खूण केली. एकोणतिसाव्याला मांड्या जड झाल्या. वेग पडला, पण पाय थांबले नाहीत. बत्तीस किलोमीटर चार तास वीस मिनिटांत झाले. नाव बदलण्याची मुदत आली आणि गेली.

मॅरेथॉनला सहा तासांची मर्यादा होती. प्रिसिला पहिले तीस किलोमीटर ठरवलेल्या वेगाने पळाली, एकदाही चालली नाही. पस्तिसाव्यापासून मात्र वाऱ्यासमोर तिची पावलं आखूड झाली. चाळिसाव्याला एक स्वयंसेवक बर्फ घेऊन सोबत आला, त्याला तिने परत पाठवलं. बोलण्यात दम घालवायचा नव्हता. पाच तास एक्केचाळीस मिनिटं लागली. तिच्या मागे अकरा जण होते.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेली. लिनन रूम तळघरात आहे. मांड्या एवढ्या धरल्या होत्या की पुढे तोंड करून पायरी उतरता येईना, म्हणून तिने कठडा धरला आणि उलटी उतरू लागली, एकेक पायरी. रिसेप्शनवरची अंबरीन वरून बघत होती.

"प्रिसिलाजी, ये क्या? हाफ में ही ये हालत?"

"हाफ नहीं," प्रिसिला म्हणाली. "पूरा." आणि पुढच्या पायरीसाठी पाय मागे टाकला.