डावीकडची सीट

दिनकर गेल्याची बातमी मला यूसुफभाईंनी दिली, आणि दुःख व्हायच्या आधी मला त्या गोष्टीचाच राग आला. रविवारची सकाळ होती. मी बाल्कनीत पेपर घेऊन बसलो होतो. फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा मनात आलं, आज दिनकरबरोबर फिरायला जायची पाळी यांची, मग मला कशाला फोन करताहेत? आज गाडीत काय काय गाणी ऐकली ते सांगून मला जळवायचं असेल. "सुधाकरभाई, दिनकरभाई नहीं रहे," एवढंच ते म्हणाले. शाळेपासूनचा माझा मित्र, आणि तो गेल्याचं मला कुणी सांगावं, तर ज्याची दिनकरशी ओळख होऊन धड पाच-सहा वर्षंही झाली नव्हती त्या माणसानं! झालं होतं असं की यूसुफभाई ठरल्याप्रमाणे त्याच्या इमारतीखाली येऊन थांबले होते. वर दिनकर बूट घालता घालता खुर्चीत मागं टेकला तो टेकलाच. त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, गॅलरीतून हाक मारली, यूसुफभाई धावत वर गेले, आपल्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. पण तो वाटेतच गेला. दहाव्याला, तेराव्याला जो तो म्हणत होता, यूसुफभाई होते म्हणून निदान धावपळ तरी झाली. मी मान डोलवत होतो, आणि आत पोटात दुखत होतं. पाळी माझी असती तर मी असतो तिथं.

हे "पाळी" प्रकरण नंतरचं. त्याआधी पाळीबिळी काही नव्हती, सगळे रविवार माझेच होते. आमची दोघांचीही घराणी मूळची उदगीरकडची, शेतीवाडीची. आजोबांच्या वेळेला हैदराबादेत आली आणि नोकऱ्यांत रुळली. जामबागेतल्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसलो ते शेवटपर्यंत. त्याच्याकडे सायकल होती, माझ्याकडे नव्हती. कॅरिअरवर मी. काचीगुड्याहून निघून तो गौलीगुड्यात मला घ्यायचा आणि आम्ही शाळेत जायचो. एकदा त्यानं आमच्याच वर्गातल्या एका मुलाला कॅरिअरवर बसवून आणलं. मी चालत गेलो आणि पुढं आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. दिनकरचा स्वभाव असा, की मी बोलत नाहीये हे त्याच्या लक्षातच आलं नाही. आठव्या दिवशी तो म्हणाला, "काय रे सुध्या, घसा बसलाय का तुझा?" मग मीच हसलो. अशा माणसावर रुसून तरी काय उपयोग!

औषधांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळण्यात त्याचं आयुष्य गेलं. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस तो मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला आणि एका गाडीवरचं कापड ओढून काढलं. लाल, बुटकी, दोनच दारांची स्पोर्ट्स कार. विलायतेहून परतलेल्या कुण्या डॉक्टरांनी येताना आणलेली, तेव्हाही जुनीच. बटण दाबलं की पुढचे दिवे पापण्या उघडल्यासारखे वर यायचे. आत शिरायचं म्हणजे पंगतीला पाटावर बसायला वाकतो तसं वाकावं लागायचं. आणि सीटं दोनच. शैलावहिनी खाली येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "यात तुम्ही आणि तुमचं पोट मावेल. मी कुठं बसू? आणि बसले तर उठवणार कोण?" त्यांचे गुडघे तेव्हापासून दुखत. त्या पुन्हा काही खाली आल्या नाहीत. आल्यागेल्याला मात्र सांगायच्या, "माझी सवत आणलीय, खाली ठेवलीय." त्यामुळे डावीकडची सीट आपोआप माझी झाली. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. कॅरिअरवर मी बसायचो तसंच ते होतं.

दर रविवारी सकाळी आम्ही गंडीपेट तलावाच्या रस्त्याला लागायचो. पायाशी माझी पिशवी, सीटच्या मागं चहाचा थर्मास. गाडीत एक जुना कॅसेट प्लेअर होता आणि तो हमखास टेप गिळायचा. मग मी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून, कॅसेटच्या दात्यात घालून, बाहेर आलेली टेप हळू हळू गुंडाळत बसायचो. हे काम माझं. स्पीकर तर असे, की गाणारी बाई नाक धरून गातेय असं वाटावं. तरी मला तो प्लेअर तसाच बिघडलेला बरा वाटायचा. नीट चालला असता तर त्याला माझी गरज उरली नसती.

शेवटी स्पीकरच्या कडेचा फोम भुगा होऊन पडला आणि दिनकर नवे स्पीकर बघायला कोठीच्या बाजारात गेला. तिथल्या दुकानात त्याला यूसुफभाई भेटले. बेगम बाजारात त्यांचा सुक्या मेव्याचा वडिलोपार्जित धंदा. पण जीव सगळा गाड्यांत आणि गाण्यांत. ताडमाड उंच माणूस, दाढी पांढरीशुभ्र, आवाज खर्जातला. पुढच्या रविवारी मी पोचलो तर हे गृहस्थ माझ्या सीटवर बसून डॅशबोर्डवर टिचक्या मारून बघत होते. "क्या मियाँ," ते दिनकरला म्हणाले, "इत्ती हसीन गाड़ी में ये टीन का डब्बा कैकू रक्खे?" दिनकर लाजला. इतक्या वर्षांत मी त्याला लाजताना पाहिलं नव्हतं.

मग सुरू झालं ते काम. कॅसेट प्लेअर जाणार हे कळल्यावर मी म्हटलं, "अरे, मग माझ्या कॅसेटी?" "सगळी गाणी पेनड्राइव्हवर घालून देतो तुला, परेशान नको होऊ," तो म्हणाला. डॅशबोर्ड कापायचा नाही या अटीवर मात्र तो अडून बसला. जुन्या प्लेअरचा दर्शनी भाग जागच्या जागी ठेवला आणि नवी यंत्रणा कप्प्यात लपवली. दारांचे पत्रे थरथरू नयेत म्हणून आतून जाड काळे कागद चिकटवले. अँप्लिफायर सीटखाली गेला. आणि घुमारा देणारी ती बेसची पेटी बसवली कुठं, तर सीटच्या मागं, माझा थर्मास असायचा तिथं! कित्येक रविवार गाडी जागची हलली नाही. दोघं दारं उघडून, डोकी आत घालून बसायचे, आणि मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहा ओतायचो. माझ्या जिभेवर सारखं यायचं, की चहावाला म्हणून तरी पगार द्या.

त्यांच्या बोलण्यातलं मला फारसं कळत नव्हतं. एकदा दिनकरनंच समजावलं. उजवीकडच्या माणसाला उजवा स्पीकर जवळ पडतो, डावा लांब. म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायचा, की गाणारा नेमका आपल्यासमोर उभा राहतो. पण जो बसलाय त्याच्या डोक्याच्या जागेप्रमाणे हे जमवावं लागतं. एकाला लावलेलं दुसऱ्याला लागू होत नाही. यंत्रावर तीन बटणं होती, तीन वेगवेगळी माणसं लक्षात ठेवायला. "एक माझं," दिनकर म्हणाला. "दोन तुझं."

गाडी पुन्हा रस्त्यावर आली त्या दिवशी त्यानं दोन नंबर दाबला, आणि काय सांगू… काचेच्या पलीकडे, बोनेटच्या वर, ती बाई उभी राहून माझ्याकडे बघून गात होती. नाकात नाही, छातीतून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दिनकर रस्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मी विचारलं, "आणि तीन?" तो म्हणाला, "ते अजून जमंना झालंय."

पण त्याच रविवारपासून पाळ्या लागल्या. एक रविवार माझा, एक यूसुफभाईंचा. दोनच सीटं, दुसरा इलाज नव्हता, आणि दिनकरला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मी माझ्या रविवारी दार उघडायचो तर सीट पार मागं ढकललेली, त्या उंच माणसाच्या तंगड्यांसाठी. मी बुटका. मी ती करकरा पुढं ओढायचो, मुद्दाम आवाज करून. पुढच्या वेळी पुन्हा मागं. असं आम्ही दोघं, एकमेकांना न भेटता, त्या सीटवरून भांडत राहिलो. यूसुफभाई वाईट माणूस नव्हता. ईदेला शीरखुर्मा माझ्या घरीही यायचा, आणि तो उत्तम असायचा याचाही मला राग यायचा. त्यांच्याबरोबर असताना दिनकर जास्त हसतो असं मला वाटायचं. कदाचित हसतही असेल. एकच गोष्ट मी जपून ठेवली होती: दोन नंबर माझा आहे.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, वॉचमन म्हणतो, गाडी अशीच उभी राहिली तर बॅटरी उतरेल. काय करायचं ते बघता का?" मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आठवण माझीच आली. घरातला पाना खिशात घालून गेलो, तर पार्किंगमध्ये यूसुफभाई हजर. वहिनींनी दोघांनाही बोलावलं होतं. मी त्यांच्याकडे न बघता बोनेट उघडलं. उभ्या गाडीच्या बॅटरीची वायर सोडवून ठेवायची, ही साधी गोष्ट; आमच्या घरी वर्षानुवर्षं हेच करत आलोय. पाना लावला, तेवढ्यात यूसुफभाईंनी माझं मनगट धरलं. "हात नक्को लगाओ भाई! तार निकाले तो सब मिटता."

"काय मिटतं?"

"उनका लगाया हुआ. एक, दो, तीन… सब. बिजली गई तो मशीन भूल जाता."

मी पाना खाली ठेवला. एवढी वर्षं त्या गाडीत बसून मला हे ठाऊक नव्हतं आणि यांना ठाऊक होतं, याचा संताप आला. आणि त्याच वेळी तो पाना मी पायानं लांब सरकवला. आणखी एकच पिळा दिला असता, तर दिनकरनं कान लावून लावून जमवलेलं सगळं माझ्याच हातानं पुसलं गेलं असतं.

वहिनी कठडा धरत, एकेक पायरी उतरत खाली आल्या. किल्ली त्यांच्याकडे होती. दिनकरच्या सीटवर बसायला आमच्यापैकी कुणीच तयार होईना. शेवटी मी बाहेरूनच वाकून गाडी सुरू केली. इंजिन दोनदा कुरकुरलं आणि लागलं. गाणं सुरू झालं. मी दोन नंबर दाबला आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "हे माझं. दिनकरनं माझ्यासाठी लावलेलं."

यूसुफभाई माझ्याकडे बघत राहिले. "दो नंबर तो मेरा है, भाई. उनोंच बोले थे."

म्हणजे आम्हा दोघांनाही त्यानं तेच सांगितलं होतं. मला फसवल्यासारखं वाटलं. आठवडाभर न बोलणारा तो मुलगा पुन्हा माझ्यात जागा झाला. फरक इतकाच, की "घसा बसलाय का" विचारणारा आता नव्हता. यूसुफभाईंचाही चेहरा पडला होता. साठी ओलांडलेले दोन म्हातारे, एका बटणासाठी हिरमुसून उभे.

"भाऊजी," वहिनी मागून म्हणाल्या, "तीन दाबा."

"तीन जमलं नव्हतं वहिनी. तोच म्हणाला होता मला."

"मी बसले नाही ना, मग जमणार कसं? सारखं म्हणायचे, एकदा येऊन बस, तुझ्यासाठी वेगळं लावलंय, डोक्यात ठणठण होणार नाही असं. तू बसल्याशिवाय मला नक्की करता येत नाही. मी म्हणायचे, सवतीच्या मांडीवर मी बसत नाही…" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. "दार उघडा. आज बसते."

एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं यूसुफभाईंनी. गुडघे दुमडताना त्या कळवळल्या, पण बसल्या. त्या माझ्याहूनही ठेंगण्या. सीट मी पार पुढं सरकवली, माझ्या खुणेच्याही पुढं. मग तीन दाबला. मला बाहेरून ऐकताना ते कसंसंच लागलं, बेस अगदी पुसट, आवाज बसका, एका बाजूला सरलेला. यूसुफभाईंनीही भुवया उंचावल्या. पण वहिनींनी मान जरा वर केली आणि त्या समोर काचेकडे बघत राहिल्या, कुणीतरी तिथं येऊन उभं राहिल्यासारख्या. "दार लावून घ्या," त्या म्हणाल्या.

दार लावलं. आता आम्हाला नुसती अस्पष्ट गुणगुण ऐकू येत होती. आत वहिनी, शेजारी दिनकरची रिकामी सीट, आणि बाहेर आम्ही दोघं. वहिनी एकदाही येऊन बसल्या नसताना ज्याचा हिशेब त्यानं मनानं मांडला होता, ते तीन नंबर. मला वहिनींचा हेवा वाटला, सरळ सांगतो, यूसुफभाईंचा कधी वाटला नव्हता इतका. "भाई," यूसुफभाई हळूच म्हणाले, "अपन दोनों तो एकीच नंबर में थे." मी म्हटलं, "हौ." यूसुफभाईंना मनापासून हौ म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

आता दर रविवारी सकाळी आम्ही तिघं पार्किंगमध्ये जमतो. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी थोडा वेळ सुरू ठेवायची असते. वहिनी आत बसतात. आम्ही दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून थर्मासमधला चहा घेतो आणि त्या बाहेर यायची वाट बघतो. त्या उतरल्या की सीट तशीच पुढं राहते. यूसुफभाई ती मागं ढकलत नाहीत, आणि मीही तिला हात लावत नाही.