मॅडमचं गाव

परवा दुकानात लव्हेंडरच्या साबणाचा वास आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं मस्कतमधलं ते स्वयंपाकघर आठवलं. मी तिथं एका फ्रेंच कुटुंबाकडे कामाला होते. मॅडम मला त्यांच्या गावाचे फोटो दाखवत होत्या. नदीचं वळण, दगडी पूल, चर्चसमोर युद्धात गेलेल्या पोरांची कोरलेली नावं. आता शाळाही बंद पडली, म्हणताना त्या रडल्या. मी त्यांना पाणी दिलं.

तेवढ्यात वसईहून भावाचा फोन आला. बाबा गेले होते. मी मॅडमकडे सुट्टी मागितली.

"शुक्रवारी आम्ही गावी निघतोय, फिलोमिना. घर कोण बघणार? आम्ही आल्यावर जा."

पासपोर्ट साहेबांच्या कपाटात होता. मी त्यांच्या बॅगा भरल्या. गाव जणू फक्त त्यांनाच होतं. महिन्याने मी वसईला पोचले, तेव्हा बाबांच्या कबरीवरची माती सुकून भेगाळली होती.